माहीत आहे, पण आठवत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर आठवतच नसेल, तर ते ‘माहीत आहे’ हे आपण कशावरून म्हणतो?

या विषयातला मूळ प्रश्न हाच. शाळेतल्या वर्गबाईंचं नाव आठवलं नाही की जीव कासावीस होतो. ‘अगं, त्या नाही का, गणित शिकवायच्या…’ असं म्हणत आपण कपाळ चोळत राहतो. बोलिव्हियाच्या अर्थमंत्र्यांचं नाव विचारलं, तर मात्र क्षणात ‘नाही बुवा माहीत’ म्हणून मोकळे होतो. डोक्यात उत्तर दोन्ही वेळा आलेलं नाही, तरी पहिला रिकामपणा आणि दुसरा रिकामपणा यांत फरक आहे, हे आपल्याला न सांगता कळतं.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच हे नोंदवून ठेवलं होतं. विसरलेल्या नावाच्या जागी राहिलेली पोकळी स्वस्थ बसत नाही. कुणी चुकीचं नाव सुचवलं की ती ते ताबडतोब झिडकारते. बरोबर नाव माहीत नसताना चुकीचं कसं ओळखलं, हे कोडं तेव्हापासूनचं आहे. संशोधक या अनुभवाला ‘फीलिंग ऑफ नोइंग’ म्हणतात. इथे आपण ‘माहीत असल्याची जाणीव’ म्हणू.

ही जाणीव खरी ठरते, की ते आपलं मनाचं समाधान?

बऱ्याच अंशी खरी ठरते. ते दाखवण्याची पद्धत १९६५ साली जोसेफ हार्ट या संशोधकाने बसवली. ती इतकी साधी आहे की आजही जवळपास तशीच वापरतात. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे. जे आठवणार नाहीत तेवढे बाजूला काढायचे आणि प्रत्येकाबद्दल विचारायचं, ‘पर्याय दिले तर उत्तर ओळखाल का?’ मग खरोखरच पर्याय द्यायचे.

‘ओळखेन’ म्हटलेल्या प्रश्नांत लोक जास्त वेळा बरोबर निघाले, ‘नाही ओळखणार’ म्हटलेल्यांत कमी वेळा. म्हणजे आठवण हाती लागली नाही, तरी तिच्याबद्दलचा अंदाज पोकळ नव्हता. पण दुसरी बाजूही बघा. ‘छे, हे मला येतच नाही’ असं ठामपणे सांगितलेल्या प्रश्नांतही लोकांनी अंदाजपंचे टिक करून जमली असती त्यापेक्षा जास्त उत्तरं बरोबर दिली. आपल्याकडे काय आहे याबद्दल आपण कधी वाढवून बोलतो, कधी स्वतःला उगाच कमी लेखतो.

मग मेंदू आत डोकावून बघतो का, की ‘हो, ही माहिती जागेवर आहे’?

पहिल्यांदा संशोधकांनाही तसंच वाटलं होतं. उत्तर आत आहे, त्याचा ठसा क्षीण आहे म्हणून बाहेर येत नाही, पण त्याची चाहूल लागते, अशी ती कल्पना. आता बहुतेक जण ती मानत नाहीत. बंद डबा उघडता येत नसेल तर आपण तो हलवून बघतो आणि आवाजावरून आत पोहे आहेत की शेंगदाणे याचा अंदाज बांधतो. मेंदूचं काम बरंचसं या जातीचं आहे. तो दोन गोष्टींवरून अनुमान काढतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न किती ओळखीचा वाटतो. उत्तर नव्हे, प्रश्न. अमेरिकेतल्या लिन रीडर यांचे यावरचे प्रयोग मला सगळ्यात पटतात. एका प्रयोगात त्यांनी काही जणांना थेट उत्तर द्यायला सांगितलं आणि काहींना फक्त ‘उत्तर देता येईल का’ एवढंच सांगायला लावलं. ‘येईल’ म्हणायला लागणारा वेळ उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी निघाला. म्हणजे आधी उत्तर सापडतं आणि मग ‘येतं’ असं वाटतं, हा क्रमच बरोबर नाही. पुढे रीडर आणि फ्रँक रिटर यांनी १९९२ साली लोकांना दोन आकडी संख्यांची गणितं दाखवली. गणित दिसल्यावर एका सेकंदाच्या आत ठरवायचं, उत्तर पाठ आहे की मांडून सोडवावं लागेल. तीच गणितं पुन्हा पुन्हा दाखवल्यावर लोक ‘पाठ आहे’ म्हणू लागले, इथवर ठीक. मग गंमत केली. आकडे तेच ठेवले आणि मधलं चिन्ह बदललं. त्या गणिताचं उत्तर कुणी कधीच काढलेलं नव्हतं, तरीही लोक ‘पाठ आहे’ म्हणत राहिले. आकडे ओळखीचे होते, तेवढ्यावर मेंदूने निकाल देऊन टाकला.

दुसरी गोष्ट म्हणजे शोध सुरू केल्यावर हाती लागणारे तुकडे. इस्रायलच्या आशेर कोरियात यांनी १९९३ साली हे नीट मांडलं. पहिलं अक्षर, कुठे ऐकलं ती जागा, त्या माणसाचा चेहरा, असं जेवढं जास्त आणि जेवढं झटपट सुचतं तेवढी खात्री वाढते. मेख अशी की ते तुकडे बरोबर आहेत की चुकीचे, हे मेंदूला त्या घडीला कळत नाही. चुकीचे तुकडेही खात्रीत तेवढीच भर घालतात. एरवी ही पद्धत चालून जाते, कारण ज्याबद्दल आपल्याला काही सुचतं त्याबद्दल आपल्याला सहसा काही माहीत असतंच. फसगत होते ती जिथे ऐकीव माहिती भरपूर आणि बहुतेक चुकीची असते तिथे.

‘जिभेवर आहे’ असं वाटणं म्हणजे हेच का?

हेच, पण जास्त तीव्र. शब्द आत्ता येईल, लगेच येईल, असं वाटत राहतं. करूनच बघा. डोक्यावर घागर किंवा हंडा ठेवताना त्याखाली कापडाचं गोल वेटोळं करून ठेवतात. त्याला काय म्हणतात? खाली वाचण्याआधी थोडं थांबा.

शब्द लगेच आला असेल तर तुम्ही गावाकडचे, किंवा घरात आजी बोलकी होती. काहींच्या गावीही नसेल. मधल्यांची अवस्था मात्र संशोधनाला हवी तशी. १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी हार्वर्डमध्ये हेच केलं. क्वचित वापरातल्या इंग्रजी शब्दांच्या व्याख्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवल्या. त्यांतला एक शब्द ‘सेक्स्टंट’, म्हणजे समुद्रावर सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजायचं खलाशांचं उपकरण. शब्द जिभेवर अडकलेल्या मुलांना विचारलं की पहिलं अक्षर कोणतं, शब्दात उच्चाराचे तुकडे (अवयव) किती, त्याच्यासारखं काय सुचतंय. पहिलं अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर निघालं. ते नुसत्या नशिबाने होणं शक्य नव्हतं.

इटालियन भाषिकांवरच्या १९९७ सालच्या प्रयोगात तर असं दिसलं की शब्द आठवत नसताना त्याचं व्याकरणातलं लिंग मात्र बहुतेकांना बरोबर सांगता येतं. वरच्या वस्तूबद्दल तुमच्या मनात ‘ती’ आलं का? त्यापाठोपाठ ‘चुं…’? ती चुंबळ.

यावरून कळतं ते असं की शब्द मेंदूत अखंड गोळा म्हणून ठेवलेला नाही. अर्थ, व्याकरण आणि ध्वनी यांचे थर वेगवेगळे आहेत. अर्थाकडून ध्वनीकडे जाणारा दुवा अशक्त झाला की शब्द अडतो. डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९१ साली दिलेलं हे स्पष्टीकरण आज सर्वाधिक मानलं जातं. जो शब्द बरेच दिवस वापरला नाही त्याचा दुवा सगळ्यात आधी गंजतो.

नेमकी माणसांची नावंच का अडतात?

कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. १९८७ साली ब्रिटनमध्ये झालेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. अनोळखी चेहऱ्यांसोबत कधी व्यवसाय शिकवला, कधी आडनाव, आणि मुद्दाम असे शब्द घेतले की जे दोन्ही असू शकतात, उदाहरणार्थ बेकर. शब्द तोच, तरी व्यवसाय म्हणून सांगितला तर लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटला.

आपल्याकडे तर अशा आडनावांची रांगच आहे. एखादे गृहस्थ सुतारकाम करतात असं कळलं की रंधा, भुसा, पाटावरचं काम असं बरंच काही डोळ्यांपुढे येतं. आठवायला दहा वाटा तयार होतात. त्यांचं आडनाव सुतार आहे आणि ते बँकेत आहेत, असं कळलं तर त्या शब्दाकडे जायला एकच पायवाट उरते. ती बुजली की लग्नाच्या मांडवात आपण ‘काय म्हणता, कसं काय?’ करत नाव न घेता दहा मिनिटं काढतो. समोरचाही बहुधा तेच करत असतो.

‘मला माहीत नाही’ हे इतक्या झटकन कसं कळतं? सगळी स्मृती तेवढ्यात धुंडाळून होते?

नाही होत. तुकाराम महाराजांचा मोबाईल नंबर काय होता, असं विचारलं तर आपण यादी तपासायला जात नाही. प्रश्नच जुळत नाही, म्हणून विषय संपतो. पण खरोखर असू शकेल अशा गोष्टीबद्दलही ‘माहीत नाही’ फार लवकर येतं, कारण प्रश्न टाकल्यावर काहीच हलत नाही, ओळखीचा एकही तुकडा वर येत नाही.

सॅम ग्लक्सबर्ग आणि मायकेल मॅक्क्लॉस्की यांनी १९८१ साली यावर एक नामी प्रयोग केला. काही गोष्टींबद्दल लोकांना काहीच सांगितलं नाही. काहींबद्दल स्पष्ट सांगितलं की अमक्याकडे तमकी वस्तू आहे की नाही, हे माहीत नाही. नंतर विचारल्यावर दोन्हींचं बरोबर उत्तर ‘माहीत नाही’ हेच. पण ज्यांबद्दल ते आधी सांगून ठेवलं होतं, तिथे लोकांना जास्त वेळ लागला! सांगितल्यामुळे प्रश्न ओळखीचा झाला, ओळखीचा वाटला म्हणून शोध सुरू झाला, आणि शोधाअंती ‘माहीत नाही’ हीच नोंद सापडली.

वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपर समोर आला की पाटी कोरी. हे काय होतं?

विद्यार्थ्यांकडून आणि त्याहून जास्त पालकांकडून येणारा प्रश्न. इथे थोडं थांबू.

पुस्तक उघडं असताना आपण ‘हे मला येतं का’ असं स्वतःला विचारतो, तेव्हा उत्तर समोरच छापलेलं असतं. मेंदू ओळखीवरून निकाल देतो आणि तिसऱ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटणारच. पेपरात ओळखायचं नसतं, आठवून लिहायचं असतं. कसोटी बदलते, अंदाज मात्र जुन्या कसोटीवर बांधलेला असतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग हा फरक आकड्यांत दाखवतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपल्याला पुढे किती आठवेल याबद्दल जास्त खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना.

अंदाज सुधारण्याचा उपाय थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ साली दाखवला आणि तो फुकट आहे. शिकल्याशिकल्या ‘येतंय ना?’ विचारू नका. थोडा वेळ जाऊ द्या, दुसरं काही करा, मग नुसता प्रश्न बघून अंदाज करा. त्यांच्या प्रयोगात असे उशिरा केलेले अंदाज कितीतरी अचूक निघाले. पालकांनी संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन ‘झालं का वाचून?’ विचारण्याऐवजी दुसऱ्या दिवशी जेवताना धड्यातला एखादा प्रश्न टाकावा. मुलं वैतागतील, हे गृहीत धरा.

आणि उत्तर आठवलं नाही तर तो वेळ वाया जातो, असंही नाही. आधी प्रयत्न करून, चुकून, मग लगेच बरोबर उत्तर पाहिलं तर ते नुसतं वाचण्यापेक्षा पक्कं बसतं, असं २००९ सालच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यातही छातीठोक खात्रीने दिलेलं उत्तर चूक निघालं तर ती दुरुस्ती अधिक लक्षात राहते. धक्का बसलेला असतो ना.

बहुपर्यायी परीक्षेत पर्याय ‘ओळखीचा’ वाटला तर टिक करावी का?

आधी हिशेब. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. चार प्रश्नांवर डोळे मिटून टिक केली तर सरासरी एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे चार वजा तीन. तरी एक गुण वर उरतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीला एकतृतीयांश गुण कापतात, तिथे तोच हिशेब शून्यावर येतो. पण चारातला एक पर्याय खात्रीने खोडता आला की पारडं तुमच्या बाजूला झुकतं.

हार्टच्या प्रयोगावरून दिसतं की ‘काहीतरी वाटतंय’ ही जाणीव सहसा नुसत्या नशिबापेक्षा बरी असते. तेव्हा भीतीपोटी सगळंच कोरं सोडण्यात शहाणपण नाही. सावध राहायचं ते एका बाबतीत. पेपर काढणाऱ्यांनाही मेंदूची ही खोड माहीत असते, आणि चुकीचे पर्याय मुद्दाम त्याच धड्यातले, कानावरून गेलेले घेतलेले असतात. म्हणून पर्याय झाकून आधी काही सुचतं का बघावं. सुचलेलं उत्तर पर्यायांत सापडलं तर तो पुरावा भक्कम. ‘कुठेतरी वाचलंय’ एवढाच पुरावा असेल तर कुठे वाचलंय, याच प्रश्नाच्या संदर्भात की भलत्याच, हे स्वतःला विचारावं.

दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांचं असं जास्त होतं का?

हो, होतं. द्विभाषिकांचे शब्द एकाच भाषेत वावरणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा अडतात, हे टॅमर गोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं आहे. वेळ दोन भाषांत वाटला गेला की प्रत्येक शब्दाच्या वाट्याला वापर कमी येतो. माणसांची नावं मात्र दोन्ही भाषांत तीच, त्यामुळे तिथे हा तोटा दिसत नाही. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असा दिवस काढणाऱ्यांना ‘तो शब्द काय बरं मराठीत’ होतं, त्यात त्यांच्या भाषाप्रेमावर शंका घेण्यासारखं काही नाही.

खुणांची भाषा बोलणाऱ्या बधिर व्यक्तींनाही हा अनुभव येतो. २००५ साली अमेरिकन खूणभाषेवर झालेल्या अभ्यासात हाताचा आकार आणि खूण कुठे करायची ती जागा आठवायची, हाताची हालचाल मात्र हुलकावणी द्यायची. जीभ नाही, बोटं अडतात.

वय झालं की नावं आठवेनाशी होतात. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजायची का?

एवढ्यावरून नाही. तरुणांचाही शब्द साधारण आठवड्यातून एकदा जिभेवर अडतो आणि वयानुसार हे वाढत जातं. २००७ सालच्या एका अभ्यासात याचा संबंध मेंदूच्या डाव्या बाजूच्या इन्सुला या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा भाग, घटण्याशी आढळला. उच्चार जुळवण्याच्या कामाशी हा भाग निगडित आहे. ज्ञान गेलेलं नसतं, ध्वनीकडे जायची वाट मंदावते. नाव ऐकताच ‘हां, तेच!’ होत असेल आणि त्या माणसाबद्दलचं बाकी सगळं सांगता येत असेल, तर हा नेहमीचा प्रकार.

नाव सांगूनही ओळख पटत नाही, रोजच्या वस्तू कशासाठी असतात ते कळेनासं होतं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, सवयीच्या रस्त्यावर चुकायला होतं, आणि विशेष म्हणजे घरच्यांना हे दिसतं पण त्या व्यक्तीला आपलं काही चुकतंय असं वाटत नाही, तर डॉक्टरांना दाखवावं.

स्मृती आणि स्मृतीबद्दलची जाणीव या मेंदूत वेगळ्या आहेत का?

काही अंशी वेगळ्या. आर्थर शिमामुरा आणि लॅरी स्क्वायर यांनी १९८६ साली गंभीर विस्मरण झालेल्या रुग्णांना तपासलं. काहींना आठवत फारसं नव्हतं, पण काय ओळखता येईल याचा अंदाज निरोगी माणसांसारखाच होता. कोर्साकॉफ विकाराच्या रुग्णांचा मात्र अंदाजही कोलमडला होता. हा विकार ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने, बहुधा दीर्घकाळच्या दारूच्या व्यसनातून होतो आणि त्यात मेंदूच्या पुढच्या भागालाही इजा झालेली असू शकते. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या इतर रुग्णांतही असे दोष दिसले. शब्द जिभेवर असताना घेतलेल्या मेंदूच्या चित्रणातही याच पुढच्या भागात हालचाल वाढलेली दिसते.

लहान मुलांना आणि प्राण्यांना ही जाणीव असते?

मुलांत ती हळूहळू पक्व होते, पण सुरुवात लवकर होते. लपवलेलं खेळणं कुठे आहे हे आठवत नसेल तर वीस महिन्यांची मुलं आईकडे बघून मदत मागतात, असं २०१६ साली दिसलं. रॉबर्ट हॅम्प्टन यांनी २००१ साली ऱ्हीसस माकडांना मुभा दिली. आधी दाखवलेलं चित्र आठवत असेल तर चाचणी द्या आणि शेंगदाणा मिळवा, नाहीतर चाचणी टाळून साधं खाणं घ्या. दोन माकडं होती. ज्या वेळी त्यांनी स्वतःहून चाचणी निवडली, त्या वेळी ती सक्तीच्या चाचणीपेक्षा जास्त बरोबर निघाली. याला ‘जाणीव’ म्हणावं का यावर वाद आहे. मला म्हणावंसं वाटतं.

शब्द अडला की आठवत बसावं की सरळ गूगल करावं?

आठवत बसण्याची हौस आवरा. कॅरिन हम्फ्रीज आणि एमी वॉरिनर यांनी २००८ साली काही जणांना अडलेल्या अवस्थेत १० सेकंद ठेवलं आणि काहींना ३० सेकंद, मग उत्तर सांगितलं. दोन दिवसांनी तेच शब्द विचारले तर जास्त वेळ झगडलेले जास्त अडले. अडण्याचाच सराव झाला होता. मधला मार्ग म्हणजे पहिल्या अक्षराची मदत मागून स्वतः आठवणं. तसं आठवलेलं पुढे टिकतं.

गूगलचा एक दुष्परिणाम ध्यानात घ्या. २०१५ साली मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इंटरनेटवर काही शोधून झाल्यावर लोकांना दुसऱ्याच, न शोधलेल्या विषयांवरही आपण छान समजावून सांगू शकू असं वाटू लागतं. सापडलेलं आणि माहीत असलेलं यांची सरमिसळ होते.

सोडून दिलं की आंघोळ करताना नाव आपोआप कसं आठवतं?

यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे वारंवार आडवं येणारं चुकीचं नाव तोवर मागे पडतं आणि वाट मोकळी होते. दुसरं म्हणजे मधल्या वेळात कानावर त्याच आवाजाचा एखादा शब्द पडतो. ‘गोखले’ अडलेलं असताना शेजारून ‘गोठा’ ऐकू आलं तर तेवढाच टेकू पुरतो, आणि आपल्याला ते ऐकल्याचंही भान नसतं. असे ध्वनीचे टेकू दिले की अडलेले शब्द जास्त सुटतात, हे बर्क आणि लोरी जेम्स यांनी २००० साली प्रयोगशाळेत दाखवलं. आंघोळीचा वेगळा प्रयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही.